गारपिटीच्या ढगाचा शोध : वादळाच्या अंतरंगात शास्त्रज्ञ डोकावतात कसे?

जालना, विशेष प्रतिनिधी

फेब्रुवारी उजाडला की जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. हरभरा काढणीला आलेला असतो, गहू ओंबीत असतो, ज्वारी निसवलेली असते. मृग बहराची मोसंबी झाडावर असते, आंबे बहराची फुले धरू लागलेली असतात आणि कडवंचीसारख्या गावांतील द्राक्षबागांत घड भरत असतात. याच दिवसांत एखाद्या दुपारी पश्चिमेकडून काळा ढग वर चढतो आणि वीस मिनिटांत वर्षभराचे कष्ट मातीमोल करून निघून जातो.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीने जे थैमान घातले, त्यानंतर राज्य सरकारला चार हजार कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर करावे लागले. ११ फेब्रुवारी २०१८ या रविवारी जालन्यासह मराठवाडा आणि विदर्भातील अनेक गावांना गारांनी झोडपले. त्यात पिकांबरोबर जीवितहानीही झाली. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीला अशा वेळी दुहेरी फटका बसतो. झाडावरचे फळ डागाळते आणि पुढच्या बहराची फुले गळून पडतात.

हा ढग नेमका कोठे, केव्हा आणि किती जोराने कोसळणार, हे आधी कळू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेली काही दशके जगभरातील शास्त्रज्ञ फुगे, उपग्रह, रडार, विजा टिपणारी यंत्रे आणि महासंगणक वापरत आहेत. अमेरिकेतील टोर्नेडोचा पाठलाग करणारी पथके आणि जालन्यावरच्या गर्जणाऱ्या ढगाचा वेध घेणारे पुण्यातील संशोधक यांच्या कामाची मूळ पद्धत एकच आहे. डोळ्यांना केवळ काळोख दिसतो तेथे यंत्रांच्या साह्याने चित्र उभे करायचे, ही ती पद्धत होय.

गार जन्मते कशी?

गारपिटीचा ढग म्हणजे शास्त्रीय भाषेत क्युम्युलोनिंबस. त्याचा तळ जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर असतो, तर माथा बारा ते पंधरा किलोमीटर आणि कधी त्याहूनही वर पोहोचतो. तापलेल्या जमिनीलगतची उष्ण व दमट हवा वेगाने वर चढते, त्या ऊर्ध्व प्रवाहावर हा सारा डोलारा उभा असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे सुमारे चार किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाखाली जाते. परंतु ढगातील पाण्याचे सूक्ष्म थेंब तेथे लगेच गोठत नाहीत. शून्याखाली वीस, तीस अंशांपर्यंतही ते द्रवरूपात तरंगत राहू शकतात. अशा अतिशीत पाण्यातून बर्फाचा एखादा कण फिरू लागला की थेंब त्याच्यावर आदळून गोठतात आणि कण फुगत जातो. ऊर्ध्व प्रवाह जोरदार असेल तर वाढलेली गारही खाली येऊ शकत नाही. ती त्याच पट्ट्यात रेंगाळते आणि आणखी मोठी होते. मोठी गार चिरून पाहिली तर आत पारदर्शक आणि दुधट असे आलटून पालटून थर दिसतात. पाणी सावकाश गोठले की थर पारदर्शक होतो, चटकन गोठले की हवेचे बुडबुडे अडकून तो दुधट होतो. गारेने ढगात कोणकोणत्या भागांतून प्रवास केला, याची नोंद या थरांत राहते.

ऊर्ध्व प्रवाह गारेचे वजन पेलू शकला नाही की ती खाली सुटते. गारेचा आकार वाढला की तिचा मारा किती वाढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे बोराएवढी गार ताशी ६० ते ६५ किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. चार सेंटिमीटरची, लिंबाएवढी गार ताशी ९० ते १०० किलोमीटर वेग गाठते. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते आणि वेगही वाढतो. त्यामुळे आघाताची ऊर्जा जवळजवळ सोळापट होते. बोराएवढ्या गारेने पाने फाटतात, लिंबाएवढीने फांद्या मोडतात, पत्रे फुटतात, शेळ्या-मेंढ्या आणि माणसेही दगावतात. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ जण मृत्युमुखी पडले होते. गारपिटीच्या जागतिक इतिहासात ही नोंद आजही घेतली जाते.

मराठवाड्यावरच संकट का?

हिवाळा सरताना आणि उन्हाळा सुरू होताना महाराष्ट्राच्या अंतर्भागावर दोन भिन्न स्वभावांचे वारे समोरासमोर येतात. वायव्येकडून कोरडी, थंड हवा येते. बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून बाष्प येते. जेथे वाऱ्यांची दिशा एकाएकी बदलते, त्या पट्ट्याला हवामानशास्त्रज्ञ वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा म्हणतात. दैनंदिन हवामान वार्तापत्रात 'कमी दाबाची द्रोणी' हा शब्द वारंवार येतो, तो याच प्रकारच्या पट्ट्यासंबंधी असतो.

त्यातच भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरले तर वरच्या थरांत आणखी थंड हवा घुसते. खाली उष्ण व दमट, वर थंड व कोरडी अशी मांडणी झाली की वातावरण अस्थिर होते. दुपारच्या उन्हाने जमीन तापली की एवढीशी ठिणगी पुरते. मे महिन्याच्या तुलनेत फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी खाली असते, म्हणून खाली पडताना गारेला वितळायला कमी वेळ मिळतो. मेमधील वळवाच्या पावसात गारा कमी आणि फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत अधिक, याचे एक मोठे कारण हेच आहे.

पहाटेचा फुगा

वादळ येण्याआधी वातावरणाची नाडी पाहण्याचे सर्वांत जुने आणि आजही अपरिहार्य साधन म्हणजे फुगा. जगभरातील शेकडो केंद्रांवरून ठरलेल्या वेळी असे फुगे सोडले जातात. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच व सायंकाळी साडेपाच या निरीक्षणाच्या प्रमाण वेळा आहेत. जालन्याला सर्वांत जवळचे असे केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या (तत्कालीन औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळावरील वेधशाळेचे आहे.

फुग्याला रेडिओसाँड नावाची लहानशी पेटी बांधलेली असते. ती सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने वर जाताना तापमान, आर्द्रता आणि दाब यांची माहिती रेडिओ लहरींनी खाली पाठवते. फुगा वाऱ्याबरोबर कसा वाहत गेला यावरून प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचा वेग व दिशा कळते. सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो आणि पेटी खाली येते.

ही माहिती तिरप्या रेषांच्या एका विशिष्ट आलेखावर मांडतात. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ नेपियर शॉ यांनी १९१५ च्या सुमारास तयार केलेला 'टेफिग्रॅम' हा त्यांपैकी एक आलेख भारतात वापरला जातो. जमिनीलगतची हवा वर नेली तर ती भोवतालच्या हवेपेक्षा किती उष्ण राहील, याची रेषा त्यावर काढतात. दोन रेषांमधले क्षेत्रफळ जितके मोठे तितकी वादळाला मिळणारी ऊर्जा अधिक. ही ऊर्जा किलोग्रॅममागे ज्यूल या एककात मोजतात. एक हजार ज्यूल म्हणजे गडगडाटी वादळाची मध्यम शक्यता, तर अडीच हजारांवरचा आकडा दिसला की अंदाज वर्तवणारा अधिकारी सावध होतो.

ऊर्जेइतकेच महत्त्व वाऱ्यातील फरकाला आहे. जमिनीलगत वारा एका दिशेने आणि सहा किलोमीटरवर दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असेल तर ढग झुकतो. मग पडणारा पाऊस ऊर्ध्व प्रवाहाला विझवत नाही आणि ढग दीर्घकाळ जगतो. असे दीर्घायुषी, स्वतःभोवती फिरणारे ढग 'सुपरसेल' म्हणून ओळखले जातात. ब्रिटनमधील कीथ ब्राउनिंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही संकल्पना मांडली. जगातील सर्वांत मोठ्या गारा आणि सर्वांत विध्वंसक टोर्नेडो याच ढगांतून येतात.

आकाशातील डोळा

फुगा दिवसातून एक-दोनदाच वर जातो, ढग मात्र अर्ध्या तासात उभा राहतो. ही उणीव उपग्रह भरून काढतात. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह भारतावर अखंड नजर ठेवून असतात. २००२ मध्ये सोडलेल्या हवामान उपग्रहाला पुढच्या वर्षी अंतराळवीर कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ 'कल्पना-१' हे नाव देण्यात आले. त्यानंतर २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस अवकाशात गेले.

उपग्रहाचे छायाचित्र म्हणून जे दूरचित्रवाणीवर दिसते ते बहुधा साधे छायाचित्र नसते. अवरक्त किरणांवरून ढगाच्या माथ्याचे तापमान मोजले जाते आणि संगणक त्याला रंग देतो. माथा जितका उंच, तितका तो थंड. शून्याखाली साठ-सत्तर अंशांचा माथा दिसला आणि दर पंधरा मिनिटांच्या चित्रात तो झपाट्याने थंड होत गेला, तर आतला ऊर्ध्व प्रवाह जोरदार आहे असे समजावे. कधी कधी ढगाच्या सपाट माथ्यावर घुमटासारखा फुगवटा दिसतो. ऊर्ध्व प्रवाहाने वरचे छत भेदल्याची ती खूण असते.

उपग्रहाची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. तो छप्पर पाहतो, घरात काय चालले आहे ते पाहत नाही. इन्सॅट-३डीच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका चार किलोमीटर लांब-रुंद असतो. एका ठिपक्यात दोन गावांचे शिवार सामावून जाते.

रडार : ढगाचा क्ष-किरण फोटो

ढगाच्या पोटात शिरण्याचे काम रडार करते. रडारची तबकडी सूक्ष्मलहरींचे अत्यंत अल्पकाळाचे झोत सोडते. ते थेंबांवर आणि गारांवर आपटून परत येतात. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने जाते, म्हणून प्रतिध्वनी एक सहस्रांश सेकंदाने परतला तर ढग दीडशे किलोमीटरवर आहे हे निश्चित होते.

प्रतिध्वनी किती जोरकस आहे त्यावरून थेंबांचा आकार समजतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी ६४ पट होतो. आकड्यांची ही प्रचंड झेप आटोक्यात ठेवण्यासाठी डीबीझेड हे एकक वापरतात. पडद्यावर त्याचे रंग ठरलेले असतात. निळा-हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा-नारिंगी म्हणजे जोरदार, लाल म्हणजे मुसळधार. आकडा ५५ च्या वर जाऊन रंग किरमिजी-जांभळा झाला की गारांची शक्यता दाट असते. त्यातही हा जांभळा गाभा शून्य अंशाच्या पातळीच्या बराच वर लटकलेला दिसला, तर गारा तयार होत आहेत पण अद्याप पडलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ निघतो. इशारा देण्यासाठी हीच वेळ सर्वांत मोलाची ठरते.

डॉप्लर रडार याच्या पुढे जाते. जालना स्थानकात शिट्टी वाजवत येणाऱ्या गाडीचा स्वर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता भासतो. ऑस्ट्रियाचे ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले हे तत्त्व रडारलाही लागू पडते. परतलेल्या लहरीच्या वारंवारितेतील सूक्ष्म फरकावरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत आणि कोणत्या वेगाने, हे कळते. येणारे हिरव्या आणि जाणारे लाल रंगात दाखवण्याची पद्धत रूढ आहे. एकाच ढगात गडद हिरवा आणि गडद लाल रंग अगदी लगत दिसले तर तो ढग गरगर फिरतो आहे, हे जाणकाराला एका दृष्टिक्षेपात उमगते. २४ मे १९७३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात युनियन सिटी येथील टोर्नेडोच्या नोंदी तपासताना संशोधकांना ही खूण प्रथम सापडली.

अलीकडच्या रडारांत द्विध्रुवीकरणाची सोय असते. ते आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडतात. पावसाचा मोठा थेंब पडताना भाकरीसारखा चपटा होतो, त्यामुळे आडवा प्रतिध्वनी अधिक जोरकस येतो. गार मात्र गटांगळ्या खात पडते, म्हणून दोन्ही प्रतिध्वनी जवळपास सारखे येतात. प्रतिध्वनी जोरकस आणि दोहोंतला फरक शून्याजवळ, ही गारांची ओळखखूण मानली जाते.

जालन्याची अडचण : पृथ्वीची गोलाई

भारतातील पहिले डॉप्लर हवामान रडार २००२ मध्ये चेन्नईत बसविण्यात आले. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर येथे अशी रडार आहेत. मात्र नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर जालना शहर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटर आणि नागपूरपासून सुमारे ३६५ किलोमीटरवर येते.

रडारचा किरण जवळपास सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. नेहमीच्या सर्वांत खालच्या, म्हणजे अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला मुंबईचा किरण जालन्यावर येईपर्यंत जमिनीपासून नऊ किलोमीटरहून अधिक उंचावलेला असतो. म्हणजे ढगाचा केवळ माथा त्याला शिवतो. गारा जेथे घडतात तो चार ते आठ किलोमीटरचा पट्टा त्याच्या खालीच राहतो. शिवाय दूर जाताना किरण पसरतो आणि चित्र धूसर होते. वाऱ्याचा वेग विश्वासार्हपणे मोजण्याची मर्यादा तर साधारणतः अडीचशे किलोमीटरच्या आतच संपते.

सोलापुरात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) मेघसंशोधनासाठी सी-बँड रडार बसविले. तेथून जालना सुमारे २४० किलोमीटरवर आहे आणि त्या अंतरावर किरणाची उंची साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबाद केंद्रस्थानी ठेवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, तेव्हा ढग हेरण्यासाठी रडारचा आधार घेण्यात आला. परंतु ते प्रयोग पावसाळ्यापुरते होते. मराठवाड्यासाठी खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर रडार उभारण्याचा प्रस्ताव याच गरजेतून पुढे आला. एवढ्या जवळून वेध घेतल्यास जालन्यावरच्या ढगाचा गाभाच नव्हे तर तळही दृष्टिपथात येतो, हे या मागणीमागचे साधे भूमितीय कारण आहे.

रडारची लहरलांबीही महत्त्वाची असते. एस-बँडची लहर सुमारे दहा सेंटिमीटरची असते, ती मुसळधार पावसातूनही आरपार जाते. सी-बँडची सुमारे पाच आणि एक्स-बँडची सुमारे तीन सेंटिमीटरची. ही यंत्रे लहान व स्वस्त असतात, पण दाट पावसाआडचे त्यांना कमी दिसते. म्हणून मोठी रडार विरळ आणि लहान रडार दाट, असे मिश्र जाळे विणण्याकडे जगभर कल आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'मिशन मौसम' या दोन हजार कोटी रुपयांच्या योजनेतही रडारांची संख्या वाढविण्यावर भर आहे.

विजांवरून गारांचा माग

गार जेथे घडते तेथेच वीजही घडते. बर्फाचे हलके स्फटिक आणि जड, मऊसर गारा एकमेकांवर घासल्या की विद्युतभार विभागला जातो. त्यामुळे विजांची संख्या म्हणजे ढगातील ऊर्ध्व प्रवाहाचे जणू नाडीचे ठोके.

प्रत्येक वीज रेडिओ लहरींचा एक झटका सोडते. दूरदूरच्या अनेक केंद्रांवर तो झटका किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात लहर तीनशे मीटर जाते. या सूक्ष्म फरकावरून वीज कोठे पडली याचे गणित मांडले जाते. आयआयटीएमने असे जाळे आधी महाराष्ट्रात उभारले व पुढे देशभर विस्तारले. 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप याच जाळ्यावर चालते. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर ते सावध करते. विजांचा दर काही मिनिटांत एकाएकी उसळला तर पाठोपाठ गारा किंवा सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता असते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

टोर्नेडोच्या मागावर

उन्हाळ्यात रानात उठणारी वावटळ आणि टोर्नेडो यांत दिसायला साम्य असले तरी नाते नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आकाशाखाली उठते आणि पाचोळा उडवून विरते. टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा असतो. शेकडो किलोमीटर पसरणाऱ्या सागरी चक्रीवादळाशीही त्याची गल्लत करू नये.

भारतात टोर्नेडो विरळा, पण अज्ञात नाही. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत विद्यापीठ परिसरातून गेलेल्या टोर्नेडोने २८ बळी घेतले. ३१ मार्च २००९ रोजी ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात राजकनिका भागाला तडाखा बसला. शेजारच्या बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया परिसरात सुमारे तेराशे जणांचा मृत्यू झाला. जगातील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो म्हणून त्याची नोंद आहे.

टोर्नेडोच्या वाऱ्याचा वेग थेट मोजणे जवळपास अशक्य, कारण यंत्रच उडून जाते. शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिटा यांनी यावर उलटा मार्ग काढला. पडझडीवरून वेग ठरवायचा. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत झाडे कोणत्या दिशेला पडली, छपरे कोठवर उडाली, याचे नकाशे त्यांनी काढले आणि १९७१ मध्ये शून्य ते पाच अशी श्रेणी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे.

पुढे जोशुआ वुर्मन यांनी १९९५ मध्ये मालमोटारीवर डॉप्लर रडार चढवले आणि ते वादळाजवळ नेऊन उभे केले. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशाच फिरत्या रडारने ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वाऱ्याची नोंद केली. टिम समारास या अभियंत्याने शंकूच्या आकाराची जड उपकरणे टोर्नेडोच्या वाटेवर ठेवण्याचे धाडस केले. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटात त्यांच्या उपकरणाने भोवऱ्याच्या आत १०० हेक्टोपास्कल इतकी दाबातील घसरण टिपली. मात्र ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथे सुमारे चार किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोने अचानक दिशा व वेग बदलला, तेव्हा समारास, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी यांना प्राण गमवावे लागले. वादळाच्या एकेका आकड्यामागे असे मोलही मोजावे लागले आहे.

संगणकात उभे राहिलेले वादळ

रडार, फुगे आणि उपग्रह यांची माहिती एकत्र करून संगणकात वादळाची प्रतिकृती उभारली जाते. वातावरणाचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यातील तापमान, दाब, बाष्प आणि वारा यांची समीकरणे सोडवायची आणि क्षणाक्षणाने पुढे जायचे, अशी ही रीत आहे. ठोकळा जितका लहान तितके चित्र स्पष्ट, पण गणित तितकेच अवाढव्य.

अमेरिकेतील ली ऑर्फ यांनी २४ मे २०११ च्या ओक्लाहोमातील सुपरसेलची प्रतिकृती 'ब्लू वॉटर्स' या महासंगणकावर तयार केली. त्यातील ठोकळा अवघ्या तीस मीटरचा होता आणि गणिताला तीन दिवसांहून अधिक काळ लागला. आकड्यांच्या या डोंगराचे चलच्चित्रात रूपांतर करताना ढगाला करडा-पांढरा, पावसाला निळसर आणि फिरणाऱ्या हवेला वेगळा रंग दिला गेला. वाऱ्याबरोबर वाहणारे काल्पनिक कण सोडून हवेचा मार्ग रेषांनी दाखवला गेला. टोर्नेडोला बळ देणारा हवेचा प्रवाह जमिनीलगत कोणत्या बाजूने आत शिरतो, हे त्यामुळे प्रथमच उलगडून पाहता आले. प्रत्यक्ष वादळात तो प्रवाह पावसाआड दडलेला असतो.

भारतात हे काम प्रामुख्याने पुण्यात चालते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीएममध्ये 'प्रत्युष' आणि त्यानंतर 'अर्क' हे महासंगणक बसविण्यात आले. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज वर्तवते. पूर्वीची जाळी बारा किलोमीटरची होती. तरीही गारांचा पट्टा अनेकदा दोन-तीन किलोमीटर रुंदीचाच असतो. त्यामुळे उद्या दुपारी जालना जिल्ह्यात गारपिटीची शक्यता आहे, एवढे संगणक सांगू शकतो. भोकरदन की मंठा, हे ऐनवेळी रडारच सांगू शकते.

बांधावरचा पुरावा

यंत्राने दिलेला इशारा खरा ठरला की खोटा, हे शेवटी जमिनीवरच ठरते. गारपिटीच्या अभ्यासातील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. गार वितळते आणि पुरावा नाहीसा होतो. युरोप-अमेरिकेत त्यासाठी 'हेलपॅड' वापरतात. मऊ फोमचा चौकोनी तुकडा उघड्यावर ठेवला की गारांचे वण त्यावर उमटतात. वणाच्या आकारावरून गारेचा व्यास आणि संख्येवरून मारा मोजता येतो.

राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पांतर्गत महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद घेतात. गार मोजण्याची सोय त्यांत नाही. त्यामुळे तलाठी व कृषी सहायकांचे पंचनामे आणि 'हरभऱ्याएवढी', 'बोराएवढी', 'लिंबाएवढी' ही ग्रामस्थांनी सांगितलेली मापे हाच गारपिटीचा मुख्य दस्तऐवज उरतो. संशोधकांच्या दृष्टीने ही माहिती मुळीच क्षुल्लक नाही. वेळ, गाव आणि गारेचा आकार या तीन गोष्टी नोंदलेल्या असतील तर रडारचे चित्र तपासता येते. मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रात गारेशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले तर ते छायाचित्रही मोजमाप बनते.

इशारा घरापर्यंत

मराठवाड्यासाठीचे इशारे हवामान खात्याच्या मुंबई येथील प्रादेशिक केंद्रातून दिले जातात. पाच दिवसांच्या जिल्हानिहाय इशाऱ्यात हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे चार रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तत्काळ अंदाज मुख्यतः रडार, उपग्रह आणि विजांच्या नोंदींवर आधारलेला असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला आणि 'मेघदूत' अ‍ॅप यांतून पीकनिहाय सूचना मिळतात.

तीन तास हा अवधी अपुरा वाटला तरी निरुपयोगी नाही. काढून ठेवलेला हरभरा ताडपत्रीखाली जाऊ शकतो, जनावरे गोठ्यात येऊ शकतात, मजूर झाडाखाली थांबण्याऐवजी पक्क्या घरात पोहोचू शकतात. बागेवर कायमस्वरूपी गारपीटरोधक जाळी लावणे हा खर्चिक पण परिणामकारक उपाय आहे. फळपीक विम्यात गारपिटीचे अतिरिक्त संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन असल्याने गारपिटीची नेमकी वेळ आणि पुरावा यांना आर्थिक मोलही आहे.

वादळाच्या वेळी घ्यावयाची काळजी

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर अंतर. हा अवधी तीस सेकंदांहून कमी असल्यास तत्काळ पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये आसरा घेऊ नये. विहिरी, शेततळी आणि तारेची कुंपणे यांपासून दूर राहावे.

गारा सुरू झाल्यास प्रथम डोके झाकावे. रिकामे घमेले, पाटी किंवा जाड घोंगडे जे हाताशी असेल ते वापरावे आणि जवळच्या पक्क्या छताखाली जावे.

गारा थांबल्यावर, आणि विजाही थांबल्याची खात्री झाल्यावरच, नाणे शेजारी ठेवून गारेचे छायाचित्र काढावे. वेळ आणि गट क्रमांक लिहून ठेवावा व विमा कंपनी, तलाठी आणि कृषी सहायक यांना कळवावे.